अण्णांचा गोरा स्वामी

मंडळी, बरेच दिवस इथं काही लिहिलं नाही. काहींनी फोन करून 'आत्या, तब्येत बरी ना?' असंही विचारलं. तब्येत उत्तम आहे. गुडघे सोडले तर बाकी सगळं जागेवर आहे. लिहिलं नाही, कारण एका माणसाच्या मागे लागले होते. तो माणूस जाऊन कित्येक वर्षं झाली. पण त्याच्यामुळे मला माझ्या वडिलांची माफी मागायची आहे, आणि तेही आता नाहीत. म्हणून हा लेख.

आमचं मूळ गाव आटपाडीकडचं, हे नातेवाईकांना सांगायला नको. इतरांसाठी सांगते, हा भाग तेव्हा औंध संस्थानात होता. औंध म्हणजे यमाईचं औंध, सातारा जिल्ह्यातलं. संस्थान तसं चिमुकलं, जेमतेम ७२ गावांचं, आणि तेही एकसलग नाही. थोडं साताऱ्याकडे, थोडं कुंडल-आटपाडीकडे आणि एक तुकडा गुणदाळचा, थेट विजापुराकडे. फाटक्या गोधडीचे तुकडे वाऱ्यानं उडून इकडेतिकडे पडावेत तसं. १९३९ साली आमचे अण्णा तेरा वर्षांचे होते.

अण्णा एक गोष्ट नेहमी सांगत. 'आमच्या गावात एक गोरा स्वामी यायचा. अंगात भगवे कपडे, डोळे घारे. चावडीवर पंचांबरोबर मांडी घालून बसायचा. आम्ही पोरं त्याच्या मागनं धावायचो. पोलंडचा होता. इंजिनीयर होता. राजाला त्यानंच सांगितलं, राज्य लोकांना देऊन टाका म्हणून. आणि त्यानंच आटपाडीजवळ बिनभिंतीचा तुरुंग काढला.'

लहानपणी ही गोष्ट फार आवडायची. मोठी झाले, बी.ए. झाले, इतिहास शिकवायला लागले आणि ती आवडेनाशी झाली. का, ते पुढे सांगते.

ऐंशीच्या दशकात एका रविवारी दूरदर्शनवर 'दो आँखें बारह हाथ' लागला होता. तेव्हा गल्लीत दोनच टीव्ही, त्यातला एक आमच्याकडे, म्हणजे निम्मी गल्ली आमच्या सोप्यात. व्ही. शांताराम म्हणजे आपले कोल्हापूरचे, त्यामुळे सगळ्यांची मान ताठ. सिनेमा संपला आणि अण्णा म्हणाले, 'हे शांतारामबापूंच्या डोक्यातनं आलेलं नव्हे. हे आमच्या स्वतंत्रपुरात घडलंय. गोऱ्या स्वामीनं केलंय.' सोप्यात दोघंतिघं हसले. आणि मी, इतिहासाची बाई, सगळ्यांसमोर म्हणाले, 'अण्णा, असं कुठल्याही पुस्तकात नाही. पोलंडचा इंजिनीयर भगवे कपडे घालून आटपाडीला कशाला येईल?'

अण्णा काही बोलले नाहीत. उठून अंगणात गेले. त्यानंतर त्यांनी ती गोष्ट माझ्यासमोर कधी काढली नाही. १९९८ साली ते गेले.

आता गंमत बघा. पोलंडच्या लोकांवर माझा विश्वास नव्हता असं मुळीच नाही. माझ्या सासूबाई सांगायच्या की दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला पोलिश लोकांची मोठी छावणी होती. त्या बायका बाजारात यायच्या, खुणा करून भाजी घ्यायच्या, मोडकंतोडकं मराठी बोलायच्या. ते मी लगेच मानलं. त्याचा पुरावा होता ना! १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. रशियानं त्यांना घरादारातून उचलून सैबेरियात नेलं होतं, तिथून इराणमार्गे ती इथवर पोचली. वळिवड्यात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकंसुद्धा व्हायची. ते गेल्यावर त्या जागी फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी बांधव वसले, तेच आजचं गांधीनगर. आपल्या महावीर उद्यानात त्या पोलिश मंडळींचा स्मृतिस्तंभ आहे. तिकडे वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४ साली पंतप्रधान तिथं गेले तेव्हा टीव्हीवर आपण सगळ्यांनी ते पाहिलं.

म्हणजे सासूबाईंचे पाच हजार पोलिश खरे, आणि अण्णांचा एकच पोलिश तेवढा खोटा! कारण काय, तर पाच हजारांचा दगडी स्तंभ होता आणि त्या एकाचा नव्हता.

तर झालं असं की माझा पुण्याचा भाचा (तोही इंजिनीयर, संगणकाचा) दिवाळीला आला होता. हल्ली तो जरा अबोल झालाय. नोकरीत मन लागत नाही म्हणतो. त्याच्या पिशवीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, 'आय ॲम दॅट'. निसर्गदत्त महाराजांचे संवाद. मला म्हणाला, 'आत्या, हे महाराज मुंबईत मराठीत बोलायचे. मी मराठी माणूस आणि मला ते इंग्रजीतनं वाचावं लागतंय. तू वाचून सांग ना, मूळ मराठी वाक्य काय असेल?'

मी चष्मा लावून पुस्तक उघडलं. पहिल्याच पानांत लिहिलं होतं की मराठी ध्वनिफितींवरून भाषांतर केलं मॉरिस फ्रिडमन यांनी. मी सहज विचारलं, 'हा कोण रे?' तो म्हणाला, 'पोलंडचा एक इंजिनीयर होता. गांधीजींबरोबर होता म्हणे. त्याला स्वामी भारतानंद म्हणायचे.'

मंडळी, खोटं सांगत नाही, मला घाम फुटला.

त्यानंतरचे दोन महिने मी शोधण्यात घालवले. भाच्यानं पुस्तकं मिळवून दिली, काही जुन्या ओळखी उपयोगी पडल्या. जे हाती लागलं ते थोडक्यात सांगते.

मॉरिस फ्रिडमन यांचा जन्म वॉर्सातल्या एका ज्यू कुटुंबात झाला. शिक्षण विजेच्या इंजिनीयरिंगचं. फ्रान्समध्ये नोकरी केली. तिथून ते भारतात आले ते म्हैसूर संस्थानच्या नोकरीत. तेव्हा तिथले दिवाण सर मिर्झा इस्माईल होते. बंगळूरला संस्थानचा विजेच्या सामानाचा सरकारी कारखाना होता, तो यांच्या हाती दिला. माणूस कामात वाघ होता, पण डोक्यात प्रश्न वेगळेच. तिरुवण्णामलैला रमण महर्षींकडे जाऊन प्रश्न विचारायचे. महर्षींच्या प्रश्नोत्तरांचं 'महर्षीज् गॉस्पेल' म्हणून १९३९ साली निघालेलं छोटं पुस्तक आहे, त्यातले बरेच प्रश्न यांचे. केरळातल्या कान्हनगडच्या स्वामी रामदासांकडून त्यांनी संन्यास घेतला आणि भारतानंद हे नाव मिळालं. पण संन्यास घेतला म्हणून कारखाना सोडून गुहेत बसले नाहीत. भगव्या कपड्यात कारखान्यात कामाला जायचे!

इकडे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, चित्रं काढणारे, कीर्तन करणारे राजे. औंधचं भवानी संग्रहालय त्यांचंच. वेदांचे पंडित सातवळेकर औंधातच राहायचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान दिलं तेही याच राजांनी, १९१० साली, तीच किर्लोस्करवाडी. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परतले होते. त्यांची आणि फ्रिडमन यांची बंगळूरला गाठ पडली. दिवाणसाहेबांकडून सहा महिन्यांची सुटी मिळवून इंजिनीयर औंधला आले.

१९३८ साली राजेसाहेब सत्तर वर्षांचे झाले, त्या वर्षी त्यांनी आपले अधिकार प्रजेला देण्याची घोषणा केली. घोषणेच्या मसुद्यात फ्रिडमन यांचा हात होता. मग बापलेक आणि हा गोरा स्वामी सेवाग्रामला गांधीजींकडे गेले आणि त्यांच्या सल्ल्यानं राज्यघटना तयार झाली. जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. गावोगाव निवडलेली पंचायत, त्यावर तालुका, त्यावर विधिमंडळ. खेड्यातल्या महसुलाचा मोठा भाग खेड्यासाठीच ठेवायचा. बारीकसारीक तंटे गावानंच मिटवायचे. राजाच्या खर्चाला मर्यादा. पंडित सातवळेकरांसारखी वडीलधारी मंडळीही या खटाटोपात होती.

अण्णा सांगायचे, 'पंचांबरोबर मांडी घालून बसायचा.' ते पंच म्हणजे हेच. आणि मी वर्गात पंचायत राज्य शिकवताना बलवंतराय मेहता समितीपासून सुरुवात करत होते! १९५७ ची समिती. त्याच्या अठरा वर्षं आधी माझ्या स्वतःच्या गावाच्या चावडीवर हे घडत होतं. आणि ते मला सांगणारा साक्षीदार माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पीत बसला होता.

आता तुरुंगाची गोष्ट. आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूर वसवलं गेलं. कल्पना फ्रिडमन यांची. शिक्षा झालेल्या माणसांना कोठडीत न ठेवता मोकळ्या माळावर ठेवायचं. ना भिंत, ना बेड्या. बायकामुलांना जवळ आणायचं, जमीन कसायची, आपलं अन्न आपण पिकवायचं. विश्वास एवढाच पहारेकरी. राजाच्या कारभाऱ्यांना काय वाटलं असेल, विचार करा! पण ती वसाहत टिकली. संस्थान गेलं तरी राहिली.

आणि सिनेमा? 'दो आँखें बारह हाथ' १९५७ सालचा. कथा ग. दि. माडगूळकरांची. गदिमा माडगूळचे, म्हणजे औंध संस्थानातलेच, आटपाडीच्या शेजारचे. ती कथा शांतारामबापूंच्या घरात औंधच्या माळावरनं आली होती. अण्णांचं अक्षर न् अक्षर खरं होतं. सिनेमाला बर्लिनला बक्षीस मिळालं, सगळ्या जगानं टाळ्या वाजवल्या. आमच्या सोप्यात मात्र खरं बोलणाऱ्याला लोक हसले, आणि त्या हसण्याची सुरुवात मी करून दिली असं आता वाटतं.

फ्रिडमन गांधीजींच्या आश्रमातही राहिले. तिथंही इंजिनीयर गप्प बसला नाही. टकळी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. बोटांनी गरकन फिरवायची, सूत ओढायचं, पुन्हा फिरवायची. हात दुखतो आणि सूत थोडं निघतं. चरख्याला पैसे पडतात. यांनी मधला मार्ग काढला, धनुष टकळी. लहानसं धनुष्य घेऊन चातीवर घासायचं की ती वेगानं फिरते. लाकूड-बांबूत गावचा सुतार करून देईल असं साधन. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये तिच्याविषयी कौतुकानं लिहिलं. कारखाना चालवणारा माणूस, मनात आणलं असतं तर केवढी यंत्रं केली असती. पण समोरचा माणूस कोण, त्याच्या खिशात काय, हे पाहून यंत्र करायचं, हे त्याला कळत होतं.

मला वाटतं, त्यांच्या सगळ्याच कामांत हेच एक सूत्र आहे. राज्यघटना करताना सगळा भार एका खांबावर ठेवायचा नाही, ७२ गावांवर वाटून द्यायचा. तुरुंग करताना भिंत खरंच लागते का, हे आधी तपासायचं. हे इंजिनीयरचंच डोकं. आणि त्यामागे जी निष्ठा आहे ती धर्माची. पण कुठल्या धर्माची? जन्मानं ज्यू, संन्यास हिंदू, काम गांधीजींचं. ते मठाधिपती झाले नाहीत. त्यांनी शिष्य केले नाहीत, गादी मांडली नाही. धर्माचं काम करायला पुरोहित व्हावं लागत नाही, हे आपल्याकडे सत्यशोधकांनी सांगितलं, कोल्हापूरला तर ते शिकवायला नको. या माणसानं ते न बोलता करून दाखवलं.

औंधचा प्रयोग नऊ वर्षं चालला. ८ मार्च १९४८ ला दक्षिणेतली संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली आणि चिमुकली राज्यघटना संपली. त्याच्या महिनाभर आधी, गांधीजींच्या खुनानंतर, आपल्या भागात जी जाळपोळ झाली ती आठवणारी माणसं आता फार थोडी राहिली. ज्या माळावर माणसाच्या चांगुलपणावर तुरुंग उभा केला, त्याच मुलखात शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची घरं पेटवली. दोन्ही खरं आहे. इतिहास शिकवणारीनं एकच सांगून चालत नाही.

अप्पासाहेब पंत पुढे परराष्ट्र खात्यात गेले, लंडनला उच्चायुक्त झाले. त्यांनी १९८९ मध्ये 'ॲन अनयुज्वल राजा' हे इंग्रजी पुस्तक लिहिलं, औंधच्या प्रयोगावर. त्यात हा सगळा इतिहास आहे. म्हणजे अण्णा जिवंत असताना पुस्तक निघालेलं होतं! 'कुठल्याही पुस्तकात नाही' असं मी ठासून म्हणाले होते. पुस्तकात आलं तेव्हाही मी ते पाहिलं नाही.

आणि फ्रिडमन मुंबईत. खेतवाडीत एका लहानशा घरात वर माळा होता, तिथं निसर्गदत्त महाराज बसायचे. मूळ नाव मारुती शिवरामपंत कांबळी. बायकामुलं असलेला प्रापंचिक माणूस, विडीचं दुकान चालवणारा. त्यांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज, सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीचे, तेही प्रापंचिकच. परंपरा इंचगिरीची. म्हणजे इथंही गादीवरचा पुरोहित नाही, दुकानाच्या गल्ल्यावरचा गुरू. या माळ्यावर हा पोलिश म्हातारा येऊन बसायचा. मराठी त्याला येत होतं. महाराजांचं बोलणं फितीवर घेतलं, ऐकून ऐकून भाषांतर केलं आणि १९७३ साली मुंबईच्या चेतना प्रकाशनानं 'आय ॲम दॅट' काढलं. त्यानंतर त्या माळ्याचा जिना चढायला जगभरातून माणसं आली. पुस्तकावर 'स्वामी भारतानंद' असं नाव नाही, नुसतं मॉरिस फ्रिडमन. पुढे थोड्याच वर्षांत ते मुंबईतच वारले.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'आत्या, म्हणजे आजोबांनी ज्याला पाहिलं, त्याच्यामुळे हे पुस्तक माझ्या हातात आलं?' मी म्हटलं, 'हो रे. आणि मध्ये मी नसते तर तुला ते तुझ्या आजोबांकडूनच कळलं असतं.'

त्याच्या प्रश्नाचं, मूळ मराठी वाक्य काय असेल याचं, माझं उत्तर फारसं समाधानकारक नाही. आम्ही दोघं रोज संध्याकाळी एक पान घेतो आणि मी त्याचं मराठी करते. कधी जमतं, कधी अगदीच पुस्तकी होतं, मग तो हसतो. विडीच्या दुकानावरचा माणूस असं बोलणार नाही, हे त्यालाही कळतं. पण सध्या तो दर आठवड्याला फोन करतो. नोकरी सोडायची की नाही हे अजून ठरलं नाही. मी सल्ला दिला नाही, फक्त सांगितलं की त्या इंजिनीयरनं भगवे कपडे घातल्यावरही कारखान्यातलं काम सोडलं नव्हतं.

गेल्या महिन्यात आम्ही आटपाडीला जाऊन आलो. गुडघ्यांमुळे गाडीतनं फार उतरता आलं नाही. गावची चावडी आता नवी बांधली आहे, फरशी चकचकीत, बाहेर लोखंडी बाक. जुन्या चावडीचा एक दगडी जोता मात्र तसाच आहे. मी त्यावर जरा वेळ बसले. भाचा म्हणाला, 'फोटो काढू?' मी नको म्हटलं.

अण्णा, तुमचं खरं होतं. चार माणसांत मी तुम्हाला खोटं पाडलं, म्हणून हेही चार माणसांतच लिहिते आहे.

आता नातेवाईकांसाठी दोन कामं. आटपाडी-खरसुंडीकडच्या कुणाच्या घरी औंध संस्थानच्या काळातले कागद, पंचायतीच्या पावत्या, जुन्या वह्या असतील तर रद्दीत घालू नका, मला कळवा. आणि दुसरं, घरात कुणी म्हातारं माणूस न पटणारी गोष्ट सांगत असेल तर तारीखवार लिहून ठेवा. पुरावा नंतर शोधता येतो, सांगणारं माणूस मिळत नाही.

असो. भाकरी टाकायची वेळ झाली. बाकी पुढच्या वेळी.